सूर्य फुकट, पण मिस्त्री कुठे आहे?

काशीला जाणारा मराठी माणूस गंगास्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो, घरच्यांसाठी एखादी बनारसी साडी घेतो आणि परतीची गाडी पकडतो. त्याने सवड काढून मणिकर्णिकेच्या पुढे, उत्तरेकडे थोडे चालत जावे. नागपूरकर भोसल्यांचा घाट मागे पडतो, पंचगंगा घाट अजून पुढे असतो आणि मध्ये लागतो रामघाट. इथल्या गल्ल्यांतून चालताना मधूनच मराठी कानावर पडते. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय इथेच आहे. महाराष्ट्रातून आलेली मुले इथे वेदाध्ययन करतात.

वेद शिकवण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे ‘संथा देणे’ म्हणतात. गुरुजी समोर बसून म्हणतात, शिष्य त्यांच्या मागून पुन्हा पुन्हा म्हणतो. चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती होते. छापील पोथी आज कुणालाही विकत मिळते, पण नुसती पोथी वाचून कुणी घनपाठी झाल्याचे ऐकिवात नाही.

आता वाचक म्हणतील, आजचा विषय तर सौरऊर्जा आणि गोबरगॅसचा. त्याचा आणि वेदपाठशाळेचा संबंध काय?

संबंध आहे. देशातल्या इतर शहरांसारख्या काशीतल्या घरांच्या छपरांवरही आता सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. हे तंत्र पुस्तकात आहे, माहितीपत्रकात आहे. पण बनारसच्या गच्च्यांवर माकडांचा केवढा सुळसुळाट असतो, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक! माकड उघडी वायर ओढते, पट्टीवर उड्या मारते. घरे एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे शेजारच्या उंच घराची सावली दुपारनंतर नेमकी आपल्या पट्टीवर पडते. वायर जाड पाइपातून घ्यायची, सावली कुठवर सरकते ते आधी पाहायचे, या गोष्टी कंपनीच्या पुस्तकात चटकन सापडत नाहीत. त्या तिथल्या मिस्त्रीच्या डोक्यात असतात. एका मिस्त्रीकडून त्या दुसऱ्याकडे गेल्या, तर शंभर घरांचे काम नीट होते. नाही गेल्या, तर प्रत्येक जण तीच चूक नव्याने करतो आणि भुर्दंड गिऱ्हाईक भरते.

म्हणजेच इथेही संथा हवी. ऊन फुकट आहे, वारा फुकट आहे, शेणही घरचेच आहे. महाग आहे ते कसब. आणि आपल्या देशात या क्षेत्रातल्या योजना जिथे जिथे बसल्या, तिथे बहुधा यंत्र कमी पडले नव्हते, माणूस कमी पडला होता.

गच्चीवरचा बंब

ही गोष्ट आमच्या घरचीच. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी तापवायचा सौरबंब बसला. सगळे खूश. पहिली दोन वर्षे सकाळी नळाला कढत पाणी. तिसऱ्या वर्षी ते कोमट झाले, चौथ्या वर्षी गारच. ज्यांनी बंब बसवला त्यांना फोन केला, तर “माणूस पाठवतो” असे सांगितले. माणूस काही आला नाही. पुढे तो फोनही लागेना.

शेवटी शेजारच्या गल्लीत नळाची कामे करणारा एक तरुण आला. त्याने एक काचनळी काढून उजेडात धरली. आत पांढरा थर!

“वहिनी, बंबाला काही झालेलं नाही. तुमचं बोअरचं पाणी जड आहे. क्षार बसलाय. वर्षातून एकदा धुवावं लागतं हे.”

“मग बसवताना का नाही सांगितलं कुणी?”

तो हसला. “बसवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा. मी तरी कुठं शिकलो होतो? एका काकांबरोबर चार गच्च्या फिरलो, तेव्हा कळलं.”

चार गच्च्या! त्याचे सगळे प्रशिक्षण एवढेच. पण त्या चार गच्च्यांमुळे आमचा बंब भंगारात जाता जाता वाचला आणि त्या तरुणाला एक नवा धंदा मिळाला. आज आसपासच्या कितीतरी इमारतींचे बंब तोच धुतो.

गोबरगॅसचा गवंडी

ही ऊर्जा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार करण्याची व्यवस्था झाली होती. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी शेणाच्या गॅसचे संयंत्र तयार केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. विटांची गोल विहीर आणि तिच्यात पालथे घातलेले लोखंडी पिंप. शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून आत सोडायचे. गॅस साठला की पिंप वर उचलले जाते, वापरला की खाली बसते. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना हे चित्र आठवत असेल.

पिंपाला गंज चढत असे. मग पिंपाशिवायचा, विटांच्या घुमटाचा नमुना आला. १९७८ च्या सुमाराचा ‘जनता’ आणि १९८४ चा ‘दीनबंधू’. लोखंड गेले, खर्च कमी झाला. पण त्याबरोबर एक नवी अट आली. पिंपाच्या जागी आता घुमट होता आणि घुमट बांधणारा गवंडी पक्का तयार हवा होता.

कारण साधे आहे. घराच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली तर काही बिघडत नाही. गॅसच्या घुमटाला तेवढीच चीर गेली तर सगळा गॅस उडून जातो. म्हणून आतून गिलावा कसा घोटायचा, पाणी किती दिवस मारायचे, घुमट गळतो का हे आधी कसे तपासायचे, हे सारे हाताला शिकवावे लागते. गॅस नेणारी नळी थोडी उतरती ठेवावी लागते, नाहीतर गॅसमधली वाफ थंड होऊन तिच्यात पाणी साचते आणि शेगडी फुरफुरून विझते. घरची बाई म्हणते, “गॅस संपला.” गॅस संपलेला नसतो, नळी तुंबलेली असते. ते पाणी काढून टाकायला पाच मिनिटे पुरतात. पण हे सांगणारा गावात नसेल, तर संयंत्र बंद पडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात गवत उगवते.

१९८१-८२ पासून सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. अनुदान मिळाले, लाखो संयंत्रे उभी राहिली. त्यातली जी टिकली, त्यांच्या आसपास बहुधा एखादा जाणता गवंडी किंवा ध्यास घेतलेला कार्यकर्ता सापडतो. देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर हे याचे ठळक उदाहरण. सरकारी दवाखान्याचा हा डॉक्टर गावातल्या रोगराईचे मूळ शोधता शोधता संडासापर्यंत पोहोचला. अप्पासाहेब पटवर्धनांच्या सफाईच्या कामाचा वारसा त्यांनी पुढे नेला आणि संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ बायोगॅस तयार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. डॉक्टरांनी आपल्या हयातीत नुसती संयंत्रे बांधली नाहीत, बांधणारी आणि सांभाळणारी माणसेही घडवली.

चुलीचे अनुदान गेले तेव्हा

सर्वांत मोठा धडा मात्र मिळाला तो चुलीपासून.

चुलीचा धूर ही बायकांच्या जिवावरची गोष्ट आहे. घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्या काळात ३ कोटींहून अधिक चुली बसल्या. आकडा डोळे दिपवणारा! पण प्रत्यक्षात कितीतरी चुली थोड्याच दिवसांत मोडल्या. कुठे धुराडे काजळीने तुंबले, तर ते साफ करायचे असते हे कुणी सांगितले नव्हते. कुठे मोठे लाकूड आत जाईना, म्हणून घरच्या बाईने चुलीचे तोंडच फोडून रुंद केले. तोंड रुंद झाले की आतल्या हवेचे गणित बिघडते आणि सुधारित चूल पुन्हा साध्या चुलीसारखी धुमसू लागते.

२००२ मध्ये केंद्र सरकारने हा कार्यक्रम थांबवला. अनुदान बंद. आता काय?

इथे पुण्याच्या एका संस्थेचे काम पाहण्यासारखे आहे. ‘समुचित तंत्रज्ञान’ म्हणजे खेड्याला पेलेल असे तंत्र. या विचाराने डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. ‘आरती’ या आद्याक्षरांच्या नावाने ती ओळखली जाते. डॉ. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, दिनकररावांचे आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. जर्मनीत डॉक्टरेट मिळवून आले आणि फलटणच्या निंबकर संस्थेत त्यांनी बरीच वर्षे शेतीसंशोधन केले. त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनीही लाकूडफाटा आणि पालापाचोळ्याच्या इंधनावर दीर्घकाळ काम केले आहे.

महाराष्ट्रात सुधारित चुलींच्या सरकारी कार्यक्रमाला तांत्रिक साहाय्य करण्याचे काम या संस्थेकडे होते. ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’, ‘गृहलक्ष्मी’ अशी नावे असलेल्या चुली त्यांनी घरोघर पोहोचवल्या. अनुदान थांबल्यावर त्यांनी दुकान बंद केले नाही. उलट प्रश्न असा केला की, चूल जर खरोखर चांगली असेल तर बाई ती पैसे देऊन का घेणार नाही? आणि ती विकून गावातल्या कुणाचे पोट का भरणार नाही?

मग शेल फाउंडेशनच्या मदतीने, राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन त्यांनी गावोगावच्या लहान धंदेवाल्यांना तयार करायला सुरुवात केली. चुली करणाऱ्यांत कुंभार होते, बायका होत्या. या शिक्षणातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, तर साचा. चुलीच्या आतल्या पोकळीचे माप, भांड्याखालची फट, हवेची वाट, हे सगळे साच्यात बंदिस्त असते. साच्यातून निघालेली चूल साताऱ्यात काय आणि नांदेडात काय, एकसारखीच निघते. पण साचा हे अर्धेच शिक्षण. चूल घरात बसवून देताना बाईशी काय बोलायचे, धुराडे कधी झाडायचे, तोंड का फोडायचे नाही, किंमत किती लावायची, बाजारात कोणत्या दिवशी बसायचे, उधारी किती द्यायची, हे उरलेले अर्धे. हेही शिकवावे लागले. अनुदानाच्या काळात याची गरजच भासली नव्हती. कारण तेव्हा चूल बसवणाऱ्याचे खरे गिऱ्हाईक घरातली बाई नव्हती, सरकारी रजिस्टर होते!

उसाच्या पाचटातून कोळसा

याच संस्थेला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला तो दुसऱ्या एका कामासाठी. ऊसतोडणी झाली की शेतात पाचट उरते. गुरे ते खात नाहीत, कुजायला वेळ लागतो. म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो आणि फडावर काळा धूर पसरतो. हे पाचट बंद डब्यांत भरून भट्टीत तापवले तर त्याचा कोळसा होतो. डब्यातून निघणारा वायू भट्टीतच जळतो, म्हणून पुढच्या खेपांना बाहेरचे सरपण फारसे लागत नाही. वजनाने साधारण तिसरा हिस्सा कोळसा मिळतो. त्याची भुकटी खळीत कालवून यंत्रातून कांड्या काढायच्या आणि वाळवायच्या. भट्टी उचलून एका फडावरून दुसऱ्या फडावर नेता येते. म्हणजे गळिताच्या हंगामात एखादे कुटुंब आपल्याच शिवारात हा धंदा करू शकते.

वाचायला सोपे वाटते ना? करताना मात्र शंभर बारीकसारीक गोष्टी असतात. पाचट ओले असले तर धूरच धूर होतो आणि कोळसा मिळत नाही. डबा लवकर उघडला तर आतला कोळसा हवा लागून पेटतो आणि हाती राख येते. खळ कमी पडली तर कांडी वाटेतच फुटते. हे सगळे फडावर उभे राहूनच शिकावे लागते. आणि इतके करूनही तयार कोळसा घेणार कोण? म्हणून संस्थेने ‘सराई’ नावाचा कुकर पुढे आणला. सुमारे १०० ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर पाच माणसांचा वरण-भात-भाजी त्यात शिजते. इंधन करणारा आणि इंधन वापरणारी, दोन्ही टोके जुळली तरच मधला धंदा चालतो.

२००६ मध्ये संस्थेला दुसऱ्यांदा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. या वेळी तो घरगुती बायोगॅससाठी. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एक सरळ आणि तिच्यात दुसरी पालथी. खाद्य म्हणून शेणाऐवजी शिळी पोळी, उरलेला भात, सडकी फळे, पिठाचा भुसा. डॉ. कर्व्यांचा मुद्दा साधा होता. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेले अन्न, त्यात ऊर्जा किती उरणार? त्याऐवजी पिष्टमय पदार्थच जंतूंना दिले तर थोडक्या खाद्यात आणि थोड्या वेळात भरपूर गॅस मिळतो. सुरुवातीला विरजण म्हणून शेण घालायचे, पुढे रोज थोडे थोडे खरकटे.

इथेही चुका ठरलेल्या. हौसेने लोक लग्नाच्या पंगतीचे उरलेले सगळे अन्न एकदम टाकीत ओततात. आपले पोट बिघडते तसेच टाकीचेही बिघडते. आत आंबटपणा वाढतो, गॅस बंद होतो आणि वास सुटतो. मग खाद्य थांबवून काही दिवस वाट पाहावी लागते. जाणता मिस्त्री टाकी विकताना हे आधी सांगतो. अजाणता मिस्त्री टाकी विकून निघून जातो आणि पुढची दहा गिऱ्हाइके गमावतो.

पाबळची शाळा, मराठवाड्याच्या सख्या

मग हे कसब शिकवायचे कुठे आणि कसे? महाराष्ट्रात याची काही चांगली उत्तरे शोधली गेली आहेत.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला. त्यांचे सूत्र होते, करत करत शिकणे. इथल्या मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात मुले लोखंडकाम, बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती, पशुपालन, घर आणि आरोग्य असे सगळेच हाताळतात. गाव हीच प्रयोगशाळा. मुले गावातली खरी कामे करतात आणि त्यांचे दाम घेतात. दाम घेतले की काम नीट करावेच लागते! नापास झालेला, शाळा सुटलेला मुलगाही इथून मिस्त्री होऊन बाहेर पडतो आणि आपले छोटे वर्कशॉप टाकतो. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचे काम चालू राहिले.

दुसरे उत्तर मराठवाड्यातले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावे पुन्हा उभी करताना बायकांचे बचत गट पुढे आले. त्यातून प्रेमा गोपालन यांनी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढवली. लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेड भागातल्या हजारांहून अधिक बायकांना या संस्थेने सौरदिवे, धूर न करणाऱ्या शेगड्या अशा वस्तूंच्या छोट्या उद्योजक म्हणून तयार केले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान बदलाच्या व्यासपीठाने या कामाचा गौरव केला. यातली मेख अशी की, स्वयंपाकघरात शेजारीण शिरू शकते, कंपनीचा विक्रेता उंबऱ्याबाहेरच राहतो. शेगडी कुठे अडते हे बाई बाईला सांगते. आणि एका गावातल्या सखीला जमलेली युक्ती गटाच्या बैठकीत दुसऱ्या गावाला कळते.

तिसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीचे. डोंगरातल्या या वाडीवर तारेची वीज पोहोचली नव्हती. पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने २०१२ मध्ये तिथे सुमारे साडेनऊ किलोवॅटचे सौर केंद्र उभारले आणि ३९ घरांना वीज दिली. प्रत्येक घराला मीटर बसले. बिल गोळा करायचे आणि केंद्र सांभाळायचे काम गावानेच आपल्याकडे घेतले. फुकट वीज न देता पैसे का घेतले? कारण उद्या बॅटऱ्या बदलायची वेळ येते, तेव्हा गावाच्या पेटीत काही असावे लागते. हिशेब ठेवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

अक्षरओळख नसलेल्यांना हे जमेल का, अशी शंका कुणाला येईल. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये काढलेल्या संस्थेने त्याचेही उत्तर दिले आहे. तिथे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आज्या सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकतात. आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या बायकांनीही तिथे सहा महिने राहून हे काम शिकले आहे. भाषा वेगळी, लिपी वेगळी. शिकवणे रंगांवरून, खुणांवरून आणि हातात हात धरून. पुन्हा तेच, संथा!

प्रमाणपत्रानंतर काय?

आज या क्षेत्रात पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आला आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छपरावरच्या १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरले. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा फक्त १० टक्के. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सूर्यमित्र’ योजनेत दहावी-आयटीआय झालेल्या मुलांना ६०० तासांचे सौर प्रशिक्षण देण्याचे ठरले आणि पाच वर्षांत ५०,००० मुले तयार करण्याचे लक्ष्य ठेवले गेले.

हे चांगलेच आहे. पण मुलगा प्रमाणपत्र घेऊन गावी आला की त्याची खरी परीक्षा सुरू होते. पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, ठरावीक कोनात बसवायची, हे तो शिकलेला असतो. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते, हेही त्याला पाठ असते. पण गिऱ्हाइकाच्या दारातल्या नारळाची एक झावळी पट्टीवर सावली टाकते, आणि मालक झावळी तोडू देत नाही, तेव्हा काय करायचे? बँकेचा साहेब तारण मागतो तेव्हा काय बोलायचे? सामानाचे पैसे आगाऊ भरायचे आणि अनुदान मागाहून येणार, मधले दोन-तीन महिने कसे काढायचे? लहान धंदे इथे बसतात, तंत्राच्या अज्ञानाने नव्हे.

म्हणून ज्यांना या व्यवसायात उतरायचे आहे, किंवा ज्यांच्या घरातले मूल उतरू पाहते आहे, त्यांच्यासाठी जुन्या अनुभवांतून निघालेल्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, प्रमाणपत्र मिळाल्यावर लगेच पाटी लावू नका. एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली सहा महिने काढा. आमच्या बंबवाल्याच्या चार गच्च्या विसरू नका.

दुसरी, बसवण्यापेक्षा दुरुस्तीला जास्त महत्त्व द्या. बसवण्याचे काम अनुदान असेपर्यंत जोरात चालते. दुरुस्ती आणि साफसफाईचे काम पंचवीस वर्षे चालते. वर्षाचा ठरावीक देखभाल करार हा लहान मिस्त्रीचा खरा पगार.

तिसरी, एक वही ठेवा. कोणत्या घरी काय बिघडले, का बिघडले, कशाने सुधारले, हे तारखेसह लिहा. दोन पावसाळ्यांनंतर ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची ठरेल.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ती वही दुसऱ्याला दाखवा! “मी शिकवले तर माझे गिऱ्हाईक जाईल,” ही भीती आपल्या कारागिरांत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती खोटी आहे असेही नाही. पण या धंद्यात हिशेब थोडा वेगळा आहे. पंचक्रोशीत पाच गोबरगॅस बंद पडलेले दिसले, तर सहावा माणूस बांधायला तयार होत नाही, मग गवंडी कितीही कसबी असो. आणि पाचही नीट चालताना दिसले, तर पन्नास जण पुढे येतात. शेजारच्या मिस्त्रीची चूक तुमचेही गिऱ्हाईक पळवते. म्हणून तालुक्यातल्या मिस्त्रींनी महिन्यातून एकदा चहाला जमावे, काय फसले ते एकमेकांना सांगावे. यश सगळेच सांगतात. शहाणपण सापडते ते फसलेल्या कामात.

पुन्हा घाटावर

काशीजवळच्याच बलिया गावी १ मे २०१६ रोजी ‘उज्ज्वला’ योजना सुरू झाली आणि पुढे १० कोटींहून अधिक घरांत गॅसची शेगडी गेली. तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून कितीतरी घरांत चूल अजून पेटते. गोठ्यातले शेण, फडातले पाचट, छपरावरचे ऊन, हे सगळे त्या घराच्या दारातच पडून आहे. त्याचा उपयोग करून देणारा माणूस मात्र त्याच गावात तयार व्हायला हवा. तो दिल्लीहून येणार नाही, पुण्याहूनही नाही.

रामघाटावर आजही पाठशाळेत मुले बसतात, गुरुजी म्हणतात आणि मुले मागून म्हणतात. एका कंठातून दुसऱ्या कंठात असे करत ती विद्या हजारो वर्षे टिकली, कारण ज्याला येत होते त्याने ते दुसऱ्याला दिले. त्या घाटावर पहिले ऊन पडते ते सगळ्यांवर सारखेच. त्या उन्हाची वीज करणारे हात मात्र एकेक करूनच तयार होतील. ज्याला येते, त्याने एकाला तरी शिकवावे.